पेठ कुठं जाणार हाय?

परवा शनिवारी कपाट आवरताना एफसी पुणे सिटीची केशरी जर्सी सापडली. इंजिनिअरिंगला असताना घेतलेली. नंदुरबारहून पुण्यात आलेल्या पोराला ‘आपलं’ म्हणायला काहीतरी लागतंच. होस्टेलच्या पोरांबरोबर बालेवाडीला गेलो आणि टीम आपली झाली. २०१७-१८ ला मार्सेलिनो आणि उरुग्वेच्या अल्फारोच्या जोरावर आम्ही सेमीफायनलपर्यंत गेलो (हो, ‘आम्ही’!). २०१९ मध्ये टीमच संपली. फ्रँचायझी नव्या मालकांबरोबर हैदराबादला गेली आणि २०२१-२२ ची ट्रॉफीसुद्धा जिंकली. ती फायनल बघताना टाळ्या वाजवाव्यात की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

जर्सी बघून कोल्हापूरचा रूममेट हसला. "भावा, टीम कशी काय दुसऱ्या गावाला जाते? पेठ कुठं जाणार हाय?"

हा मंगळवार पेठेतल्या पाटाकडील तालीम मंडळाचा. मंडळी, नाव नीट वाचा... तालीम! शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचं मैदान तयार झालं, पेठापेठांतल्या तालमींना बळ मिळालं. पुढे त्याच तालमींच्या नावाने फुटबॉल संघ उतरले. खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम; शिवाजी पेठेचं शिवाजी तरुण मंडळ. टीम निवडायची नसते, ज्या गल्लीत जन्मलात तिची असते.

अर्जेंटिनातल्या रोसारियोचंही असंच. राजधानी नाही, तरी रेल्वेच्या माणसांनी १८८९ मध्ये काढलेला रोसारियो सेंट्रल आणि एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी १९०३ मध्ये काढलेला न्यूवेल्स ओल्ड बॉइज, असे दोन क्लब आणि दोन भागांत वाटलेलं गाव. मेस्सी न्यूवेल्सच्या पोरांच्या संघात वाढला, तेराव्या वर्षी बार्सिलोनाला गेला. क्लब तिथेच आहे.

आता लगेच कोल्हापूरची आरती ओवाळायला नको. पाटाकडील विरुद्ध शिवाजी म्हटलं की पोलिस बंदोबस्त आलाच, आणि हुल्लडबाजीला निष्ठा म्हणायची सवय मला अजिबात पटत नाही. २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळलेल्या अनिकेत जाधवलाही घडायला कोल्हापूर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत यावं लागलं. शिवाय तालमींकडून नायजेरियाचे खेळाडूही खेळलेत, म्हणजे सगळे पेठेचेच असं काही नाही. पण टीम उचलून दुसऱ्या शहरात न्यायची सोय तिथे नाही, आणि माझ्या लेखी क्लब तो हाच.

आमच्या नंदुरबारला फ्रँचायझी येणार नाही. जिल्हा व्हायलाच १९९८ उजाडलं! पण दादा गणपती, बाबा गणपती आहेत, त्यांच्यामागे पिढ्यान् पिढ्या उभी राहणारी घरं आहेत. अशा मंडळांनी मनावर घेऊन अकरा पोरं उतरवली, तर हरली तरी बघायला गाव येईल. मी तर पुण्याहून रात्रीची गाडी पकडून येईन. शाळेच्या मैदानावर क्रिकेट सोडून दुसरं काही न खेळलेला मी हे लिहितोय, हेही कबूल :)

असो. पुढच्या सीझनला शाहू स्टेडियमवर जायचं ठरलंय. केशरी जर्सी घातली तर चालेल का, विचारलं.

"घाल की. फक्त शिवाजीवाल्यांच्यात बसू नको."