घाट उघडा ठेवा, वजन मोजा

विजापूर–गुहागर राष्ट्रीय महामार्ग सांगली जिल्ह्यातल्या जत, विट्यावरून साताऱ्यातल्या कराड, पाटणला येतो. हेळवाक मागे पडलं की तो कुंभार्ली घाटाच्या वळणांनी पोफळीकडे उतरतो. देश आणि कोकण यांना जोडणारा हा रस्ता कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान यांच्यामधला जंगलपट्टाही मधोमध कापतो. या दोन जंगलांचा मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये दोन्ही जंगलं पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेली. डिसेंबर २०२३ मध्ये या प्रकल्पात कॅमेऱ्याने वाघ टिपला. वाघाला, गव्याला, सांबराला या जंगलातून त्या जंगलात जायचं तर हा रस्ता ओलांडावाच लागतो.

इथल्या अवजड वाहतुकीला वेळेची आणि वजनाची मर्यादा घाला म्हटलं की पहिला आक्षेप येतो: दरडी पावसाने कोसळतात, ट्रकने नाही. आक्षेपात तथ्य आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला. त्याला कुठला ट्रक कारण नव्हता. पण हा दाखला आक्षेप घेणाऱ्यांच्याच विरोधात जातो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने हादरलेला आणि दर पावसाळ्यात पाणी पिऊन जड होणारा हा डोंगर आधीच किती ताणाखाली आहे, हेच त्या दरडींनी दाखवलं. पाऊस कुणाच्या हातात नाही. रस्त्यावर किती टन चढवायचे, हे मात्र माणूसच ठरवतो.

आणि ते टन साध्या बेरजेने मोजता येत नाहीत. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता-चाचणीतून एक नियम हाती आला: आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. भारतात जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली गेली. ऐकायला ही वाढ किरकोळ वाटते, पण त्याच नियमाने हिशेब केला तर झीज दीडपटीहून अधिक होते. पासिंगपेक्षा जास्त भरलेल्या गाडीचा हिशेब याच्याही पुढचा. सपाट मुलखात असा रस्ता उखडला तर खड्डे पडतात. घाटात त्याच भेगांतून पाणी भरावात उतरतं आणि दरीकडची कड खचते.

मग घाट रुंद करा, असं सुचवलं जातं. रुंदीकरण म्हणजे डोंगराचा पायथा तोडून उतार आणखी उभा करणं. मुंबई–गोवा महामार्गावरच्या, चिपळूणजवळच्या परशुराम घाटाने याचा अनुभव दिला आहे. तिथे चौपदरीकरणासाठी डोंगर कापला आणि दरडींची भीती कायमची मागे लागली. २०२२ मध्ये कामासाठी तो घाट दिवसातले काही तास बंद ठेवावा लागला. मुंबई–गोवा महामार्गासारख्या वर्दळीच्या रस्त्याला वेळेचं बंधन चालतं, तर कुंभार्लीला का चालू नये?

सर्वांत गंभीर आक्षेप पोटापाण्याचा आहे. देशावरची भाजी कोकणात जाते, सांगलीची हळद आणि बेदाणा बाहेर पडतो, चालकाचा दिवस फेऱ्यांवर ठरतो. त्यामुळे घाट बंद करण्याची भाषा चुकीचीच ठरेल. एसटी, रुग्णवाहिका, दूध, भाजी यांना हात लावू नये. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. अशा प्रसंगी देशावरून मदतीला धावायची ही महत्त्वाची वाट. म्हणूनच ती खचू देता कामा नये आणि वळणावर अडकलेल्या एखाद्या बहुआसी ट्रकने ती तासन् तास तुंबूही नये. बंधन हवं ते पाटण किंवा चिपळूणशी काही देणंघेणं नसलेल्या, केवळ पार जाणाऱ्या अवजड मालाला. रात्री नऊ ते सकाळी सहा त्याने थांबावं. जून ते सप्टेंबर भाराची मर्यादा आणखी खाली आणावी. कोकणात उतरणाऱ्या आंबा घाटालाही हाच नियम लागू करावा, नाहीतर इथली गर्दी तिथल्या जंगलाच्या कडेने वाहू लागेल.

यासाठी नवा कायदा लागत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ मध्ये रस्त्याचं स्वरूप पाहून वाहतूक रोखण्याचा अधिकार आहे. त्याच कलमाच्या आधारे २००९ मध्ये कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातून जाणारी रात्रीची वाहतूक थांबवली गेली. रुग्णवाहिका आणि मोजक्या बसना मुभा राहिली. जादा मालाला २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि तो माल तिथेच उतरवून घेणं, ही तरतूदही कायद्यात आहे. पण वजनकाट्याशिवाय ती राबवणार कशी?

घाटातले ट्रक कमी करता येतात, हे स्वित्झर्लंडने दाखवलं आहे. त्याने २००१ पासून अवजड गाडीवर वजन, अंतर आणि धूर पाहून कर लावला आणि त्यातला मोठा वाटा रेल्वे बोगद्यांत घातला. आल्प्स ओलांडणारे ट्रक २००० मध्ये चौदा लाखांच्या घरात होते, ते आता वर्षाला नऊ लाखांच्या आसपास आले आहेत. ट्रकच रेल्वेवर चढवणं कोकणाला नवं नाही. कोकण रेल्वे १९९९ पासून ‘रो-रो’ने तेच करते. कराड–चिपळूण लोहमार्गाची मागणी मात्र वर्षानुवर्षं कागदावर आहे.

तो मार्ग होईल तेव्हा होवो. कुंभार्लीच्या माथ्यावर सातारा संपतो, रत्नागिरी सुरू होते, म्हणून आदेश दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी मिळून काढावा लागेल. एक काटा हेळवाकला, दुसरा पोफळीला, दोन्हीकडे परिवहन विभागाचा माणूस चोवीस तास, आणि हे सगळं मृग लागायच्या आत.