तग धरणारा वॉर्ड

आपत्तीत रुग्णाच्या सर्वांत जवळ असते ती परिचारिका. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दोन दहशतवादी शिरले आणि त्यांच्या गोळ्यांनी दोन सुरक्षारक्षक मारले गेले. प्रसूतिपूर्व कक्षात रात्रपाळीला असलेल्या अंजली कुलथे यांनी दारे लावून २० गर्भवतींना लहानशा पॅन्ट्रीत नेले. त्यांच्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला प्रसूतिगृहापर्यंत पोचवले तेही त्यांनीच. पुढे त्या दोघांपैकी एक असलेल्या अजमल कसाबविरुद्ध साक्ष द्यायला त्या गणवेशातच न्यायालयात गेल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी ही हकीकत सांगितली.

या धैर्यापुढे मान लवतेच. मात्र अशा धैर्याच्या भरवशावर रुग्णालय चालवणे हा परिचारिकांवर अन्याय आहे. कोणते दार आतून लागते, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे बंद होतो, जिन्याची किल्ली कोणाकडे असते, हे पाठ असलेल्या सिस्टरलाच आणीबाणीत निर्णय सुचतो. ही माहिती एकाच वॉर्डात काही काळ टिकून काम केल्याने येते. अल्पमुदतीच्या कंत्राटांवर माणसे सतत बदलत राहिली, तर ती कोणाजवळच साठत नाही.

दुसरी तयारी आधी कोणावर उपचार करायचे या निवडीची. एरवी कॅज्युअल्टीत सर्वांत अत्यवस्थ रुग्णाकडे आधी धाव घेतली जाते. एकदम शेकडो जखमी आले की ज्यांना वाचवणे शक्य आहे त्यांना अग्रक्रम द्यावा लागतो. लाल, पिवळी, हिरवी आणि काळी अशा चार चिठ्ठ्या असतात. श्वासमार्ग मोकळा करूनही ज्याचा श्वास सुरू होत नाही, त्याच्या हाताला काळी चिठ्ठी बांधून पुढे जायचे. आयुष्यभराच्या शिकवणीविरुद्ध जाणारी ही कृती पुस्तक वाचून जमत नाही, वारंवार सराव करावा लागतो. रंगीत तालीम बहुधा दिवसा, वरिष्ठांच्या उपस्थितीत होते. खरी गरज असते मध्यरात्री, निम्म्या मनुष्यबळावर. दिवाळीत भाजलेले रुग्ण वाढतात, तेव्हाच रजाही जास्त असतात.

काही दोष तालमीनेही भरून निघत नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातील आगीत १० बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यानंतर एका वैद्यकीय अधिकाऱ्यासह तीन परिचारिकांना अटक झाली आणि परिचारिका संघटनांनी या अटकेचा निषेध केला. विजेची जोडणी, अग्निशमन यंत्रणा, बाहेर पडण्याच्या वाटा या गोष्टी वॉर्डातल्या सिस्टरच्या अधिकारात नसतात. ज्याच्या हाती तरतूद, त्याच्याकडे आधी जाब मागायला हवा.

पूर किंवा दंगल असली की पुढची पाळी पोचतच नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईचे रस्ते व लोकल बंद पडले. अशा दिवशी ओव्हर, म्हणजे पाळीचा ताबा, द्यायला कोणी नसते, म्हणून थांबलेल्यांचे जेवण, आळीपाळीने झोप आणि घरच्या मुलांची सोय आधीच ठरलेली असावी लागते. घरी मूल सुखरूप आहे हे कळले की हात स्थिर राहतात.

प्रसंग सरल्यावर झोप उडते, तीच दृश्ये पुन्हा दिसतात, वाचवता न आलेल्याचा अपराधभाव छळतो. पहिल्या काही दिवसांत मन मोकळे करण्यासाठी बैठक घ्यावी. ती चौकशी समितीपासून पूर्णपणे वेगळी असावी. तिथे कोणावर बोलण्याची सक्ती नसावी. त्रास आठवड्यांनंतरही कायम राहिला तर समुपदेशन मिळावे, तेही नोकरीच्या नोंदीत न चढता आणि पगारी रजेसह.