राखणदार कोण?

६ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात भर सुनावणीत एका वयोवृद्ध वकिलाने तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला आणि सनातनाचा अपमान सहन करणार नाही, अशी घोषणा दिली. निमित्त होते खजुराहोच्या भग्न विष्णुमूर्तीच्या याचिकेवर गवईसाहेबांनी केलेल्या शेऱ्याचे. गवईसाहेब विचलित झाले नाहीत, त्यांनी पुढचे कामकाज चालू ठेवले. पंतप्रधानांनी निषेध केला, बार कौन्सिलने त्या वकिलाला निलंबित केले. प्रकरण तेथेच मिटले असे अनेकांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही.

आम्हा कोकणातल्या माणसांना राखणदार हा शब्द लहानपणापासून ठाऊक आहे. वेशीवर बसून गाव सांभाळतो तो राखणदार. मग स्वतःला परंपरेचा राखणदार म्हणवणारा माणूस देशाच्या सर्वोच्च न्यायासनासमोर पायातले काढतो, तेव्हा तो नेमके काय राखत असतो?

परंपरावादाचे एक बरे रूपही आहे, हे मान्य केले पाहिजे. पिढ्यांच्या अनुभवातून उभ्या राहिलेल्या संस्था एका आवेशात मोडू नयेत, कायद्याचा धाक ठेवावा, बदल सावकाश करावा, असे ते सांगते. या अर्थाने पाहिले तर २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी दिलेला इशारा काय होता? आता सनदशीर मार्ग खुले झाले आहेत, तेव्हा बेकायदा मार्ग सोडून द्या, हाच ना! ज्यांना परंपरेने काहीच दिले नव्हते, त्यांच्या नेत्याने ही शिस्त सांगितली. ज्यांना परंपरेने सर्व काही दिले, त्यांना ती आजही पचत नाही.

हे केवळ आपल्याकडे नाही. अमेरिकेतही परंपरेचे नाव घेणारेच संस्था मोडायला निघाले आहेत. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. समाज आता समान झाला, रंग पाहू नका, असा युक्तिवाद. आपल्याकडचे 'मेरिट'वाले याहून वेगळे काय बोलतात? पुढे जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सत्तेवर येताच १९६५ सालचा जॉन्सन यांचा आदेश रद्द केला. सरकारी कंत्राटदारांनी नोकरीत भेदभाव करू नये, वंचितांना संधी द्यावी, असे सांगणारा तो आदेश साठ वर्षे टिकला होता. साठ वर्षांची वहिवाट एका सहीने मोडणाऱ्याला परंपरावादी म्हणायचे कसे? त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाचे ४० कोटी डॉलरचे अनुदान रोखले गेले आणि जुलैमध्ये विद्यापीठाने २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे कबूल करून तडजोड केली. ज्या कोलंबियात १९१३ ते १९१६ बाबासाहेब शिकले, तेच हे कोलंबिया.

आता थोडे आपल्या घरात. १ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालात याच गवईसाहेबांनी अनुसूचित जातींनाही क्रीमी लेयर शोधण्याचे धोरण राज्यांनी आखावे, असे मत नोंदवले. चळवळीतील बहुतेकांना ते पटले नाही, आम्हालाही नाही. २१ ऑगस्टला भारत बंद झाला, लेख लिहिले गेले. पण रिपब्लिकन नेते रा. सू. गवई यांचा मुलगा म्हणून कोणी गप्प बसले नाही, आणि मत पटले नाही म्हणून कोणी बूटही उचलला नाही. बूट आला तो दुसरीकडून. मात्र त्या घटनेनंतर आपल्यातील काहींनी त्या निकालावर बोलणेच सोडले, तेही बरोबर नव्हे. बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविषयी सावध केले होते, त्यात आपल्या माणसाची भक्ती वगळलेली नव्हती.

बांद्याच्या माणसाला दिल्लीतल्या न्यायासनाचे काय एवढे, असे कोणी विचारील. पत्रादेवीचा नाका ओलांडला की तासाभरात पर्वरी. तेथे मुंबई उच्च न्यायालयाचेच खंडपीठ आहे, पण ते गोव्याचे. सिंधुदुर्गच्या माणसाला त्याच न्यायालयाची पायरी चढायला सुमारे पाचशे किलोमीटर मुंबई गाठावी लागे. जमिनीचा वाद असो वा जातीच्या दाखल्याचा, रात्रभराचा प्रवास, वकिलाची फी, आणि तेथे पोचल्यावर पुढची तारीख! कित्येकांनी खालचा निकाल निमूट सोसला तो न्याय मिळाला म्हणून नव्हे, भाडे परवडेना म्हणून. १७ ऑगस्ट २०२५ रोजी गवईसाहेबांच्या हस्ते कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले, त्यात रत्नागिरी व सिंधुदुर्गही आले. ज्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या, त्यांच्याच नगरीत. आंबोली घाट चढून गेले की आता उच्च न्यायालय.

ही आयती मिळालेली देणगी नव्हे, वकिलांच्या आणि पक्षकारांच्या चार दशकांच्या मागणीचे फळ आहे. आणि ते अजून फिरतेच बेंच आहे. त्याचे कायम खंडपीठ व्हावे, ही मागणी आमच्या तालुक्यातून अजून जोराने का उठत नाही? जयंतीला मंडळे मंडपावर, ध्वनिक्षेपकावर खर्च करतात, करावा. पण त्याच वर्गणीतून कोल्हापूरला जाणाऱ्या एका गरीब समाजबांधवाचे भाडे आणि कागदपत्रांच्या नकलांचा खर्च निघू शकतो. येत्या १४ एप्रिलच्या बैठकांत हा विषय आम्ही मांडणार आहोत.