कंडम लिहिण्याआधी मीटर लावा

मे महिन्याच्या सुट्टीत मी जबलपूरला, गढ्यातल्या घरी होतो. मदनमहालच्या टेकडीचे खडक दुपारी तापतात आणि घराची भट्टी होते. आजोबा तोफगाडी कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचा ट्रान्झिस्टर रेडिओ माझ्या वडिलांच्या जन्माआधीचा. एके सकाळी त्यावर स्टेशनच लागेना, नुसता बारीक सूं आवाज. मी म्हणालो, "आजोबा, हा आता कंडम. नवा घेऊ या." ते म्हणाले, "कंडम म्हण की! पण आधी मीटर लाव, मग म्हण."

त्यांनी शिकवलेली रीत सोपी आहे. सेल काढायचे, संशयित ट्रान्झिस्टर बोर्डावरून सोडवायचा आणि मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवायचा. बेस ते एमिटर आणि बेस ते कलेक्टर या दोन्ही जोड्यांत एका दिशेने आकडा यावा, उलट दिशेने येऊ नये. सिलिकॉनचा आकडा साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट, जुन्या जर्मेनियमचा ०.२ ते ०.३. दोन्ही दिशांनी शून्य आले तर आत शॉर्ट, कुठूनच काही आले नाही तर आतली जोडणी तुटलेली.

आमच्या रेडिओत चार पायांचे एएफ ११७ ट्रान्झिस्टर होते. चौथा पाय धातूच्या टोपीला जोडलेला असतो. टोपी आणि कलेक्टर यांचा काही संबंध नसावा, पण एका ट्रान्झिस्टरवर मीटर तिथेच वाजला. टोपीच्या आतल्या बाजूला कथिलाचा मुलामा असतो. त्यातून वर्षानुवर्षे केसाहून बारीक तंतू वाढतात आणि आतल्या तारांना टेकतात. या जातीच्या ट्रान्झिस्टरांचा हा जगभर माहीत असलेला रोग आहे. आजोबांनी चौथा पाय कापून ट्रान्झिस्टर परत बसवला. आकाशवाणी लागली!

पण दुपारी आवाज घोगरा झाला. संध्याकाळी पुन्हा स्वच्छ. शेवटच्या टप्प्यातले दोन्ही एसी १२८ तर मीटरवर पास झाले होते. जर्मेनियममधून होणारी विजेची गळती दर दहा अंशांमागे जवळजवळ दुप्पट होते, म्हणून सकाळी केलेली तपासणी दुपारचा दोष दाखवू शकत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांनी स्पिरिटचा कापूस एकेका टोपीवर टेकवला. एकावर टेकवताच आवाज मोकळा झाला. चोर सापडला. आजोबांच्या डब्यातली दुसरी जोडी बसवली.

मित्रांनो, हे सांगण्याचे कारण आपल्या शाळेतच आहे. वर्षअखेरीस भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतले अॅम्प्लिफायर, पॉवर सप्लाय, रेडिओ यांची यादी होते आणि पुढे एकच शब्द लिहिला जातो : कंडम. बंद का पडले, हा रकानाच नाही. माझ्या मते हे चूक आहे.

ट्रान्झिस्टर सहजासहजी मरत नाही. पुन्हा पुन्हा तापून-गार होऊन त्याच्या आतल्या सूक्ष्म तारांची जोडणी सुटते, प्लॅस्टिकच्या आवरणातून दमट हवा शिरून धातू गंजतो, हाताच्या स्थिर विजेने नाजूक मॉसफेट जातो. पण जुन्या संचात त्याच्याआधी बहुधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतो, स्विच गंजतो किंवा डाग सुटतो. दोष दोन रुपयांच्या भागात आणि शिक्षा सगळ्या संचाला!

कोणी म्हणेल, नवा संच स्वस्त पडतो, वेळ कोणाकडे आहे? हे अर्धे खरे आहे. काही संच खरोखरच दुरुस्तीपलीकडे असतात, आणि मीटरवर पास झालेल्या भागावरही डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही, हे मी गढ्यातच पाहिले. म्हणूनच लष्करी दर्जाच्या चिपांना वापरापूर्वी १२५ अंश तापमानात १६० तास चालवून पाहण्याची पद्धत आहे. कच्च्या असतील त्या तिथेच मरतात, सीमेवरच्या वायरलेस सेटमध्ये नाही. आपल्यापैकी काही जण उद्या असल्या यादीवर सही करतील. सही करणाऱ्याने एकदा तरी स्वतः मीटर हातात धरलेला असावा.

माझी सूचना एवढीच. प्रत्येक बंद संचाला एक कार्ड लावावे : गार असताना काय आढळले, अर्धा तास चालवल्यावर काय आढळले, कोणता भाग गेला. तिन्ही रकाने भरल्याशिवाय कंडम लिहू नये. रविवारी दुपारी दोन तास मी प्रयोगशाळेत बसायला तयार आहे. विजेच्या मेनवर चालणारे संच सरांच्या समोरच उघडू. मल्टिमीटर आजोबांनी येताना बॅगेत घालून दिला आहे.

— एक कॅडेट, इयत्ता अकरावी