पॅड पोहोचले, पण दाराला कडी आहे का?

जुलै २०२५मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथे एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. ते कोणामुळे पडले हे शोधण्यासाठी मुलींचे कपडे उतरवून तपासणी केल्याचा आरोप झाला. मुख्याध्यापिकेसह काही जणांवर गुन्हा दाखल झाला. लोकांचा संताप रास्तच होता. पण एक साधा प्रश्न मागे राहिला. शाळेत अचानक पाळी आली तर मुलीने कोणाकडे जायचे, हे किती शाळांत ठरलेले असते?

सरकारी योजनांचा भर आजवर पॅडवर राहिला. २०१८मध्ये राज्यात अस्मिता योजना आली. जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत मिळू लागले. त्याच वर्षी पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, पाळीत स्वच्छ साधने वापरणाऱ्या १५ ते २४ वयोगटातील महिलांचे देशातील प्रमाण २०१५-१६मध्ये सुमारे ५८ टक्के होते. २०१९-२१मध्ये ते ७७ टक्क्यांवर गेले. ही प्रगती मोठीच आहे.

मात्र पॅड जवळ असणे वेगळे आणि ते शाळेत बदलता येणे वेगळे. पॅड साधारण चार ते सहा तासांनी बदलावे लागते. येण्या-जाण्याचा वेळ धरला तर मुलगी सात-आठ तास घराबाहेर असते. स्वच्छतागृहाला कडी नसेल, नळाला पाणी नसेल, पॅड टाकायला डबा नसेल, तर ती दिवसभर तेच पॅड ठेवते, पाणी कमी पिते, लघवी रोखून धरते. त्यातून पुरळ, खाज, मूत्रमार्गाचा संसर्ग उद्भवतो. नाहीतर ती त्या दिवसांत शाळाच बुडवते. शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह बंधनकारक आहे. पण कागदावर ‘आहे’ म्हणजे वापरण्याजोगे आहे, असे नव्हे.

माहितीही उशिराच मिळते. पाळी बहुधा बारा-तेराव्या वर्षी सुरू होते. प्रजननसंस्थेचा सविस्तर धडा मात्र दहावीत येतो. पहिली दोन-तीन वर्षे पाळी अनियमित असू शकते, हे माहीत नसलेली मुलगी उगाच घाबरते. याउलट, रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त टिकला किंवा तास-दोन तासांत पॅड भिजू लागले, तर डॉक्टरांना दाखवायला हवे. तेव्हा ती गप्प बसते. देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असताना ही गप्प बसण्याची सवय महागात पडते.

कडी, पाण्याची बादली, झाकणाचा डबा, ठरलेल्या शिक्षिकेकडे जादा पॅड आणि पाचवी-सहावीतच मुलामुलींशी मोकळे बोलणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. पालकसभेत गुणांबरोबर याचीही विचारणा व्हायला हवी.