परदेशी शिष्यवृत्ती हवी? जाहिरातीची वाट पाहू नका!

महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये सत्याग्रह करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले होते. आज अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी ७५ जागा. शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता आणि विमान प्रवासाचा खर्च मिळतो.

मग अडतं कुठे?

वेळेत. या शिष्यवृत्तीसाठी परदेशी विद्यापीठाचं विनाअट प्रवेशपत्र लागतं. जाहिरात साधारण मे-जूनच्या सुमारास येते. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांची अर्जाची मुदत मात्र डिसेंबर-जानेवारीतच संपलेली असते. जाहिरात पाहून तयारीला लागणाऱ्याचं वर्ष जातं.

वेळापत्रक कसं असावं?

• जुलै-ऑगस्ट : आयईएलटीएस किंवा टोफेल. गुण दोन वर्षं चालतात.
• सप्टेंबर : ट्रान्स्क्रिप्टसाठी अर्ज.
• ऑक्टोबर : प्राध्यापकांची शिफारसपत्रं, एसओपी.
• नोव्हेंबर-डिसेंबर : विद्यापीठांना अर्ज.

मुंबई-पुण्यात हे सांगायला कोचिंग क्लास आहेत. पोलादपूरच्या वाडीवरून आलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधराला हे कॉलेजनेच सांगायला हवं. लोणेरेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि महाड-पोलादपूरमधील महाविद्यालयांनी हे वेळापत्रक तिसऱ्या वर्षीच नोटीस बोर्डावर लावावं. ट्रान्स्क्रिप्ट किती दिवसांत मिळेल, तेही तिथेच लिहावं. याला वेगळा निधी लागत नाही.