हजेरी वर्गात की कोर्टात?

आपल्याकडे घरबसल्या एमबीए करता येते, वकिलीची पदवी मात्र घेता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणातून कायद्याला वगळले आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार ७० टक्के हजेरी लागते आणि तास सकाळी आठ ते संध्याकाळी सात याच वेळेत घ्यावे लागतात. म्हणजे बँकेत किंवा तहसील कचेरीत नोकरी करणाऱ्याने एलएलबी करायचे तर नोकरी सोडायची, नाहीतर हजेरीची ‘सोय’ होईल असे कॉलेज शोधायचे. हजेरीपटावरची मुले आणि बाकांवरची मुले यांचा हिशेब सगळीकडे जुळतो, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? नियम कडक आहे, पण तो भलत्याच दारावर पहारा देतो आहे.

करार कायद्याची तत्त्वे किंवा मुदतीच्या कायद्यातली कलमे चांगल्या शिक्षकाकडून पडद्यावर शिकता येतात. न कळलेला भाग पुन्हा ऐकता येतो, हा वर नफा. घटनापीठांपुढची सुनावणी सप्टेंबर २०२२ पासून थेट दिसते, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. गडचिरोलीतल्या मुलीला घटनापीठापुढचा युक्तिवाद मोबाइलवर ऐकता येतो, पण राज्यघटनेवरचा तास तसाच ऐकून पदवी मिळत नाही, ही गंमतच म्हणायची. जे पडद्यावर येत नाही ते वेगळेच आहे. उलटतपासणीत साक्षीदार नेमका कोणत्या प्रश्नाला अडखळला, तिथे वकिलाने पुढचा प्रश्न का गिळला, दाव्यात ऑफिसने काढलेली त्रुटी कशी दूर करायची, घाबरलेल्या पक्षकाराकडून खरी हकिगत कशी काढायची, हे कोर्टात आणि सीनिअरच्या चेंबरमध्येच कळते. बार कौन्सिललाही हे ठाऊक आहे. तिच्याच नियमांत एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून नोंदवणे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, तीही नुसत्या पदवीने कोर्ट कळत नाही म्हणूनच.

ऑनलाइन परवानगी दिली की पदव्यांची दुकाने निघतील, हा आक्षेप खोटा नाही. पण दुकाने इमारतीतही चालतात. शिवाय सनदेसाठीची बार परीक्षा, जी २०२३ मध्ये घटनापीठाने वैध ठरवली, तीही चाळणी म्हणून अपुरीच आहे: १०० बहुपर्यायी प्रश्न आणि सोबत बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याची मूळ संहिता, न्यायची मुभा. कॅलिफोर्नियात कॉन्कॉर्ड हे ऑनलाइन लॉ स्कूल १९९८ मध्येच सुरू झाले. तिथे मान्यता नसलेल्या लॉ स्कूलच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षानंतर राज्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते. ती कठीण आहे आणि अनेक जण तिथेच गळतात. दार उघडे ठेवून उंबरठा उंच करण्याची ही रीत आपल्याला घेता येईल. ओळखीपाळखी कॉलेजातच होतात, हा आक्षेप अधिक जड आहे. पण ज्याच्या घराण्यात वकील नाही त्याला चेंबर मिळवून देणे पारंपरिक कॉलेजांनाही फारसे जमलेले नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हजेरीच्या निकषांचा फेरविचार करायला बार कौन्सिलला सांगितले. तो करताना टक्केवारी दोन-चार अंकांनी खालीवर करण्यापेक्षा तासांना ऑनलाइन मुभा द्यावी, परीक्षा केंद्रावरच घ्यावी आणि इंटर्नशिप १२ वरून २४ आठवड्यांवर न्यावी. तिची डायरी कॉलेजच्या शिक्क्यावर न सोडता जिल्हा न्यायालयातून तपासली जावी. नोकरदार एवढी रजा कुठून आणणार, असे कोणी विचारेल, आणि ते बरोबरच आहे. पण वर्षाला आठ आठवड्यांची रजा जुळवणे अवघड असले, तरी तीन वर्षे रोज वर्गात बसण्याइतके अशक्य नाही.